गांधीसागरातला अर्धा वाटा

माझे मामा चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणाच्या वीजघरात ऑपरेटर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हा भावंडांना घेऊन इंदूरहून भानपुऱ्याची बस धरायची आणि पुढे वसाहतीपर्यंत जे वाहन मिळेल त्यानं जायची. एका संध्याकाळी साहेबांची परवानगी काढून मामांनी मला आत नेलं. पाच यंत्रं ओळीनं उभी होती. पायाखालची फरशी थरथरत होती आणि ती थरथर पार दातांपर्यंत पोचत होती. टेबलावर लांबरुंद लॉगबुक उघडं होतं. तास झाला की मामा कपाळावरचा चष्मा खाली ओढायचे, मीटरवरचे आकडे वाचायचे आणि निळ्या शाईनं रकान्यात उतरवायचे. मी विचारलं, "मामा, ही सगळी लाइट इंदूरला जाते?"

"अर्धी. अर्धी राजस्थानची."

"का? धरण तर आपलं आहे!"

"खाली राणा प्रतापसागर आहे, जवाहरसागर आहे. ती धरणं त्यांच्याकडे. त्यांतली अर्धी वीज आपली."

तेव्हा मला हा हिशेब खोटा वाटला होता. आपल्या अंगणातल्या आंब्याचे अर्धे आंबे शेजाऱ्याला का द्यायचे, असा काहीसा राग आला होता. आज साठीच्या उंबरठ्यावर मला वाटतं की वीज या विषयात आपल्या मध्य प्रदेशानं जे काही शहाणपणाचे निर्णय घेतले, त्यांत हा फार वरचा होता. आणि तो आपण विसरत चाललो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चंबळ योजनेचा करार झाला तेव्हा मध्य प्रदेश नव्हताच. मध्य भारत होता, मुख्यतः होळकर आणि शिंदे संस्थानं मिळून झालेला, आणि पलीकडे राजस्थान. धरणाची जागा जुन्या होळकर मुलखातली, रामपुरा-भानपुऱ्याची. यशवंतराव होळकरांची छत्री भानपुऱ्यात आहे हे इंदूरच्या मराठी घरांत वेगळं सांगावं लागत नाही. 1954 मध्ये नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, 1960 मध्ये वीजघर सुरू झालं. गांधीसागरचे 115 मेगावॉट, राणा प्रतापसागरचे 172, जवाहरसागरचे 99. एकूण 386, दोघांचे 193-193. मध्ये 1956 साली मध्य भारत नकाशावरून गेला, करार करणारं राज्यच उरलं नाही. वाटा मात्र राहिला, आजही आहे.

सारणीलाही तेच झालं. तिथल्या सातपुडा औष्णिक, म्हणजे कोळशावर चालणाऱ्या, केंद्राच्या पहिल्या टप्प्यात, 312.5 मेगावॉटमध्ये, राजस्थानचा 40 टक्के वाटा होता. राजस्थानकडे दगडी कोळसा नाही आणि चंबळची वीज पावसाच्या भरवशावर. दोन्ही राज्यांनी पाण्यातही वाटा ठेवला आणि कोळशातही. सारणीची ती जुनी यंत्रं आता मोडीत निघाली, पण ती चालत होती तोवर वाटा चालला. पेंच नदीवर तोतलाडोह धरणाच्या 160 मेगावॉटमध्ये दोन तृतीयांश आपले, एक तृतीयांश महाराष्ट्राचे. बेतवा नदीवरच्या राजघाट धरणात उत्तर प्रदेशाबरोबर निम्मे-निम्मे. म्हणजे एके काळी आपल्या वीज मंडळाची ही रीतच होती. शेजाऱ्याबरोबर भागीदारीत यंत्र घ्यायचं, कागद करायचा आणि पिढ्यान् पिढ्या वीज वाटून घ्यायची.

जिथे असा कागद नव्हता तिथे काय झालं, तेही आपण भोगलं आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळा झाला. वीजकेंद्र ज्या जमिनीवर ते त्या राज्याचं, असा हिशेब झाला आणि कोरब्याची मोठी केंद्रं तिकडे गेली. त्या केंद्रांचे पैसे आख्ख्या जुन्या मध्य प्रदेशानं भरले होते, माळव्यातल्या ग्राहकानंही. पण वाट्याचा कागद कुठे होता? घरातल्या घरात कोण कागद करतो! पुढची तीन वर्षं इंदूरमध्ये लाइट जाण्याचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं. माझ्या मुलीनं दहावीचा अभ्यास इमर्जन्सी लाइटवर केला, तिची बॅटरी दोन तास टिकायची आणि लाइट जायची चार तास. 2003 ची निवडणूक बिजली-सडक-पानीवर लढली गेली ती उगाच नाही. राजस्थानची चंबळमधली निम्मी वीज मात्र या सगळ्या उलथापालथीत जिथल्या तिथे होती. लिहून घेतलेला वाटा सरहद्दी बदलल्या तरी टिकतो आणि न लिहिलेला जमिनीबरोबर जातो, हे मी या दोन गोष्टींवरून शिकलो.

आता आजच्याकडे येतो. आज वीज कंपन्या वाटा घेत नाहीत, वीज विकत घेतात. पंचवीस वर्षांचा करार होतो, यंत्र कुणा दुसऱ्याचं असतं, आणि आपण ग्राहक. महिन्याच्या बिलावर 'ऊर्जा प्रभार'च्या शेजारी 'नियत प्रभार' अशी एक ओळ असते, ती पाहून बरेच जण चिडतात. घर बंद असलं तरी ती लागतेच. वीज कंपनी जेव्हा वीजकेंद्राकडून वीज घेते तेव्हा तिलाही असंच दोन भागांचं बिल येतं. जाळलेल्या कोळशाचे पैसे वेगळे, आणि यंत्र उभारायला लागलेल्या पैशाचे वेगळे: कर्जाचं व्याज, घसारा (यंत्र झिजतं त्याची भरपाई), देखभाल, मालकाचा परतावा. वीज उचलली नाही तरी, यंत्र तयार ठेवलं होतं एवढ्यावर, हा दुसरा भाग द्यावाच लागतो.

यात अन्याय नाही. यंत्र ज्यानं उभारलं त्याचे पैसे सुटायलाच हवेत. पण पंचवीस वर्षांत काय होतं ते नीट पाहा. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरनियमांत औष्णिक केंद्राच्या भांडवलाचा 90 टक्के भाग घसारा म्हणून त्याच्या आयुष्यभरात दरातून वसूल होतो. भांडवलातला 30 टक्के भाग मालकाचा स्वतःचा धरला जातो आणि त्यावर वर्षाला साडेपंधरा टक्के परतावा मिळतो. म्हणजे कर्ज आपण फेडलं, व्याज आपण दिलं, मालकाचा नफाही आपण दिला, आणि शेवटी यंत्र, जमीन, पाण्याचा परवाना, तारांची जोडणी सगळं त्याच्या नावावर. भाडेकरूनं घराचे हप्ते फेडावेत आणि हप्ते संपल्यावर नव्यानं भाडं ठरवायला बसावं, असा हा व्यवहार आहे. मार्च 2021 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं राज्यांना मुभा दिली की केंद्रीय प्रकल्पांबरोबरचा 25 वर्षांचा करार संपला की हवं तर बाहेर पडा. बाहेर पडायचं दार उघडलं हे चांगलंच झालं. पण आत राहायचं म्हटलं तर मालक म्हणून राहता येईल का, हा प्रश्न कुणी काढलाच नाही.

वाटेकऱ्याचं तसं नसतं. गांधीसागरचं कर्ज केव्हाच फिटलं, चंबळच्या पाण्याला कुणी भाव लावत नाही, आणि त्या यंत्रांतून येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे आपल्याला फक्त चालवण्याचा आणि राखण्याचा खर्च आहे. परतावा मिळाला तरी तो राज्याच्याच कंपनीत येतो. शिवाय वाटेकऱ्याचा माणूस आत बसलेला असतो. यंत्र खरंच नादुरुस्त आहे की नादुरुस्त म्हणून दाखवलं आहे, कोळसा किती आला, किती जळला, हे त्याला विचारावं लागत नाही, समोर दिसतं. करार करून वीज घेणाऱ्याला हे सगळं कागदावर मागावं लागतं, आणि मग आयोग, अपील, सर्वोच्च न्यायालय अशी वर्षं जातात. वाटा म्हणजे नुकसानही आलं, हे मान्य. सप्टेंबर 2019 च्या महापुरात पाणी गांधीसागरच्या वीजघरात शिरलं आणि यंत्रं बंद पडली. ज्या फरशीवर मी लहानपणी उभा होतो तिथे चिखल होता. मामा तेव्हा हयात नव्हते, आणि खरं सांगतो, ते नव्हते याचं मला बरं वाटलं.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जड आक्षेप आहे सरदार सरोवराचा, आणि त्याला मी बगल देणार नाही.

नर्मदा लवादानं 1979 मध्ये सरदार सरोवराच्या विजेचे वाटे ठरवून दिले: मध्य प्रदेश 57 टक्के, महाराष्ट्र 27, गुजरात 16. नदीपात्रातलं वीजघर 1200 मेगावॉटचं, कालव्याच्या मुखाशी दुसरं 250 चं. सगळ्यात मोठा वाटा आपला, कारण सगळ्यात जास्त बुडालं ते आपलं. निमाडातली बडवानी, धारची गावं, निसरपूर, चिखल्दा. पण धरणाच्या चाव्या गुजरातकडे, आणि गुजरातला वीज दुय्यम आहे, पाणी पहिलं. पाणी नदीत सोडलं तर मोठं वीजघर चालतं आणि कालव्यात सोडलं तर लहान. 2019 मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण उंचीला, 138.68 मीटरला भरायचं ठरलं तेव्हा दोन सरकारांमध्ये उघड भांडण झालं. गुजरात म्हणे पातळी वाढू द्या, नदीपात्रातलं वीजघर थांबवा. मध्य प्रदेश म्हणे आमच्या विजेचं काय आणि पुनर्वसन न झालेल्या माणसांचं काय. त्या सप्टेंबरात धरण भरलं आणि निमाडात माणसं छपरांवरून आपलं सामान होड्यांमध्ये उतरवत होती.

या सगळ्यावर देखरेख करणारं नर्मदा नियंत्रण प्राधिकरण कुठे आहे? आपल्याच इंदुरात, विजयनगरला, स्कीम नंबर 74 मध्ये. त्या इमारतीसमोरून रोज हजारो स्कूटर जातात. चार राज्यांच्या भागीदारीचं कार्यालय आपल्या शहरात आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता तेवढा माहीत, त्याच्या बैठकीत काय ठरतं ते नाही.

तर मग वाटा असून काय उपयोग झाला? माझं उत्तर असं आहे की तिथे वाटा विजेचा लिहिला, चालवण्याचा नाही. चंबळवर वरचं धरण आपल्याकडे, खालची दोन त्यांच्याकडे. गांधीसागरातून सोडलेलंच पाणी पुढे त्यांची यंत्रं फिरवतं, आणि त्यांच्या यंत्रांत निम्मी वीज आपली. अडवून धरण्यात कुणाचंच भलं नाही. दोघांचेही हात एकमेकांच्या हातात आहेत. नर्मदेवर सगळ्या चाव्या एकाच्या हातात पडल्या आणि बाकीच्यांना टक्केवारी मिळाली. टक्केवारी पाण्याच्या चांगल्या वर्षी गोड लागते. दुष्काळाच्या वर्षी कोण किती सोसेल, कुणासाठी कुणाची यंत्रं थांबतील, थांबली तर भरपाई काय, हे ज्या कागदात नाही तो कागद अर्धा आहे. आणि ज्यांची घरं गेली त्यांचं नाव त्या टक्केवारीत कुठेच नाही. हरसूदचंही तेच. 2004 मध्ये इंदिरा सागरसाठी ते गाव उठवलं गेलं. त्या प्रकल्पाची मालकीही संयुक्त आहे, केंद्राच्या एनएचपीसी या जलविद्युत कंपनीची 51 टक्के आणि मध्य प्रदेश सरकारची 49. हजार मेगावॉट वीज त्या पाण्यावर उभी आहे. दोन सरकारं मालक असूनही हरसूदच्या माणसांनी स्वतःच्या हातांनी आपल्या घरांच्या भिंती पाडल्या. मी भागीदारीचा आग्रह धरतो तो या माणसांना विसरून नव्हे. पुढच्या प्रत्येक संयुक्त प्रकल्पाच्या उत्पन्नावर पहिला हक्क विस्थापितांचा असावा, मालकांच्या वाट्याच्याही आधी, आणि तो करारात लिहिलेला असावा.

दुसरा आक्षेप दूरचा आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक वीज संस्थांनी एकत्र येऊन पाच अणुप्रकल्प बांधायला घेतले. चौथ्या आणि पाचव्या प्रकल्पात 88 संस्थांनी वाटे उचलले आणि वीज मिळो न मिळो, पैसे देऊ, असं लिहून दिलं. खर्च फुगत गेला, जानेवारी 1982 मध्ये दोन्ही रद्द झाले. पुढच्याच वर्षी तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की या संस्थांना असे करार करायचा अधिकारच नव्हता, आणि 225 कोटी डॉलरचे रोखे बुडाले. पाचांपैकी एकच प्रकल्प पुरा झाला. या गोष्टीवरून भागीदारी वाईट असं म्हणणारे आहेत. मी त्यातून एवढंच घेतो की अठ्ठ्याऐंशी जण मालक म्हणजे कुणीच मालक नाही. वाटेकरी दोन असावेत, फार तर तीन, आणि प्रत्येकाचा अभियंता बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून जागेवर असावा.

सरकारी कंपन्यांकडे पैसा नाही, असंही म्हणतात. पण खासगी कंपनी तरी सगळा पैसा खिशातून आणते का? शंभरातले सत्तर रुपये कर्ज असतं, आणि ते बहुतेक सरकारी बँका आणि सरकारी वित्तसंस्थाच देतात. उरलेले तीस दोन राज्यांनी वाटून घेतले तर पंधरा-पंधरा होतात.

आणि आता संधी दारात उभी आहे म्हणून हे लिहितो आहे. आपल्या राज्याची मागणी हिवाळ्यात कळस गाठते, गव्हाला पाणी द्यायचं असतं. उत्तर प्रदेशाची उन्हाळा-पावसाळ्यात चढते. हे ओळखून दोन्ही राज्यांनी मुरैन्यात 2000 मेगावॉटची सौर वीज आळीपाळीनं वापरायचं ठरवलं, सहा महिने आपण, सहा महिने ते. कल्पना उत्तम, अगदी चंबळच्या वळणाची. पण यंत्रं निविदेनं तिसऱ्याच कुणाची. वापराची भागीदारी झाली, मालकीची राहून गेली. रिवाच्या 750 मेगावॉट सौर पार्कातही अशीच गंमत झाली. पार्क राज्याच्या आणि केंद्राच्या कंपन्यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतला, पण त्यांच्या वाट्याला जमीन, रस्ते आणि तारा. तिथल्या 2.97 रुपये दराचं देशभर कौतुक झालं, ते रास्तही होतं. पॅनेलं मात्र खासगी, करार पंचवीस वर्षांचा. गांधीसागरवर तर हजाराहून अधिक मेगावॉटचा पाणी उपसून साठवण्याचा प्रकल्प होतो आहे (वीज जास्त असेल तेव्हा पाणी वरच्या जलाशयात चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज काढायची), तोही खासगी. खालचा जलाशय कुठला? आपला. मामांच्या लॉगबुकातला. रामपुऱ्याच्या शेतांवरून भरलेला. त्या पाण्याच्या बदल्यात दोन्ही राज्यांना मालकीत वाटा मागता आला असता, आणि माझ्या मते अजूनही मागायला हवा.

उलट दिशेचं एक पाऊलही पडलं आहे, तेही नोंदवतो. अमरकंटकजवळ चचाईला 660 मेगावॉटचं नवं यंत्र आपली वीजनिर्मिती कंपनी आणि सरकारी कोळसा कंपनी यांनी मिळून उभारायचं ठरलं, 51 आणि 49 अशा वाट्यांनी. जानेवारी 2024 मध्ये केंद्रानं त्याला मान्यता दिली. कोळसा विकणाराच यंत्राचा मालक झाला की कोळसा वेळेवर का आला नाही हे भांडण घरातच मिटतं. कोळशाचं नवं यंत्र आता घ्यावं का, यावर माझं मन द्विधा आहे. पण घ्यायचंच असेल तर असं.

आपल्या महापालिकेनं फेब्रुवारी 2023 मध्ये जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी 244 कोटींचे हरित रोखे काढले, तेव्हा आमच्या कॉलनीतल्या दोन निवृत्त गृहस्थांनी ते घेतले. नर्मदेचं पाणी सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढवून इंदूरला आणायचं, त्या पंपांना ही वीज. त्यांतले एक काका मला अभिमानानं म्हणाले, "आता नळ सोडला की वाटतं, यात आपलेही चार पैसे आहेत." रोखेधारक मालक नसतो, सावकार असतो, सव्वाआठ टक्के व्याज घेऊन शेवटी मोकळा होतो, हे मला ठाऊक आहे आणि काकांनाही. पण त्यांच्या बोलण्यातला तो भाव मला फार महत्त्वाचा वाटतो. विजेच्या यंत्राशी आपलं काही नातं आहे असं आपल्या पिढीला वाटणंच बंद झालं होतं.

दर ठरवण्याआधी राज्याचा वीज आयोग लोकांकडून हरकती मागवतो. इंदूरमधून जातात त्या बहुतेक युनिटमागच्या पैशांबद्दल. यंदा मी एक पान लिहून पाठवणार आहे, हिंदीत, कारण तिथे तेच वाचलं जाईल. त्यात दरवाढीबद्दल एक अक्षर नाही. तीन प्रश्न आहेत. येत्या दहा वर्षांत कोणकोणते वीज खरेदीचे करार संपतात? त्या प्रत्येक यंत्राचं किती कर्ज आणि किती घसारा आमच्या बिलांतून वसूल झाला? आणि यापुढे जो करार होईल त्यात, पैसे फिटल्यावर यंत्राचा वाटा राज्याच्या नावावर येईल असं कलम घालणार का?